नानायचा अंगठा

रोवेनाच्या टाचण्यांच्या डब्यात तळाशी गोळ्या होत्या, आणि ती नि डॉक्टरीणबाई सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुमाका गावात घराचं दार उघडं टाकून गेलात तरी चालतं. तोंड उघडलंत तर रविवारची प्रार्थना संपायच्या आत गावभर होतं.

लग्नाआधी मनिलाच्या कारखान्यात शिवणकाम करताना तिनं एका माणसाला जीव लावला होता. मेला निघून गेला, आणि जाताना हर्पीस देऊन गेला. वर्षातून एकदोनदा खाली मुंग्या येत, मग फोड, आठवड्याभरात सुकत. नवरा दांते बोटीवर इंजिनाच्या कामाला. त्याला आज सांगू, उद्या सांगू करत सांगायचं राहूनच गेलं. चूकच ती. पण तुम्ही सांगितलं असतंत का? खरं बोला!

“पोटात असताना बाळाला सहसा काही होत नाही,” रोवेनाला दिवस गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “भीती बाळंतपणाच्या वेळची. शेवटचा महिनाभर गोळ्या घे. कळा सुरू झाल्या नि फोड दिसला, तर ऑपरेशन करू.”

“आणि झालंच बाळाला तर?”

“मेंदूपर्यंत जातं. बाळ दगावूही शकतं. म्हणून सांगते, एकही गोळी चुकवू नकोस.”

तेव्हापासून ती शाळेचे गणवेश शिवता शिवता मध्येच मशीन थांबवायची. जरा कुठं खाजलं की हातआरसा घेऊन संडासात. शेजारच्या कोराबाईंनी हेरलंच. “अगं, आरसा घेऊन तिकडं? नवरा यायला अजून चार महिने आहेत, नटतेस कुणासाठी?” सगळ्या बायका खिदळल्या. रोवेनाही हसली, आणि घरात येऊन कापडात तोंड खुपसून रडली. फोनवर दांते रोज विचारायचा, “बाळ लाथा मारतंय ना?” ती म्हणायची, “मारतंय.” एवढंच सांगून फोन ठेवायची.

कळा आल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून नीट पाहिलं. एकही फोड नव्हता. मुलगी झाली. नाव लिवायवाय. पण धाकधूक कुठली संपायला! आंघोळ घालताना रोवेना पोरीची घडी नि घडी उलगडून बघायची. घामोळ्याचा एक दाणा दिसला तरी रात्रभर दिवा जवळ घेऊन तो बघत बसायची.

बाराव्या दिवशी समोरच्या अलाबात बेटावरून होडीनं सासू आली. नानाय पुरिंग; नानाय म्हणजे तिकडं आई. एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात शेवग्याचा पाला, आणि खालच्या ओठावर ताज्या फोडांचा झुबका.

“उन्हातून आलेय, माझी नजर लागेल पोरीला,” म्हणत तिनं अंगठा जिभेवर ओला केला. पाहुण्याची नजर लागू नये म्हणून बाळाच्या पोटावर थुंकी लावायची, ही तिथली रीतच. अंगठा बेंबीपाशी येतोय तोच रोवेनानं पोरीला झटक्यात उचललं.

“थुंकी नको, नानाय. डॉक्टर नको म्हणतात.”

“डॉक्टर काल जन्मले! सात नातवंडं या थुंकीवर वाढली. की माझीच थुंकी तेवढी घाण? आण इकडं!”

रोवेनाची पाठ भिंतीला टेकली. आता पुढं बोलायला एकच गोष्ट उरली होती.

“तुमच्या ओठावरचा फोड, नानाय... तसलाच मला खाली येतो. लग्नाआधीपासून. दांतेला माहीत नाही. नवीन बाळ मरतं त्यानं. माझा लागू नये म्हणून मी महिनाभर गोळ्या खाल्ल्या. मग तुमचा कसा लागू देऊ?”

आता भडका उडणार म्हणून तिनं डोळे मिटले. उघडून बघते तर नानाय खुर्चीत बसलेली, अंगठा झग्याला पुसत होती. पुसतच होती.

“दांतेच्या आधी माझा एक मुलगा होता,” ती म्हणाली. “हा फोड मला पहिल्यांदा उठला ना, तो त्याच्या जन्मानंतर दोनच दिवसांनी. मी दिवसभर त्याचे मुके घ्यायचे. पंधराव्या दिवशी ताप, मग झटके, आणि गेला. एक मासेवाली थुंकी न लावता त्याला बघून गेली होती. तिची नजर लागली म्हणून मी चाळीस वर्षं तिच्याशी बोलले नाही गं. मेली गेल्या साली.” तिनं ओठाला हात लावला. “डॉक्टर काय म्हणतात? माझ्यानंच गेला का तो?”

एवढ्या वर्षांनी रोवेनाच्या तोंडून आज पहिल्यांदा खरं निघालं होतं. तिनं पोरीला छातीशी आवळलं.

“नाही, नानाय. मासेवालीचीच नजर ती.”

“हो ना?” म्हणत नानायनं खुर्ची आणखी दोन हात मागं ओढली आणि लांबूनच नातीकडं बघत बसली.