दोन बोटं चुना

माझे मालक मुळात गवंडी नव्हते. राणीसावरगावच्या शिवारात त्यांची वडिलार्जित जमीन होती, पण तीन भाऊ तिच्यावर जगतील एवढी ती नव्हती. हे सगळ्यांत धाकटे. लग्नाआधीच परभणीला गेले, एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली राहिले आणि फरशी बसवायला शिकले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचे तळहात चुन्याने फाटलेले होते. माझ्या माहेरी सगळे शेतकरी. हाताला मातीऐवजी चुन्याचा वास येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

वर्षभरात मीही त्यांच्याबरोबर कामावर जायला लागले. ते फरशी बसवायचे, मी डोक्यावरून दगड आणि चुन्याची घमेली वाहायची.

आमच्यापर्यंत तेव्हा सिमेंट पोचलेलं नव्हतं. शहाबादी फरशी चुन्यातच बसायची. भट्टीतून कळीचा चुना यायचा, म्हणजे भाजलेल्या चुनखडीची पांढरी ढेकळं. ती हौदातल्या पाण्यात सोडून विझवायची, पंधरा दिवस मुरू द्यायची, मग वाळू घालून बैल जुंपलेल्या दगडी घाण्यात मळायची. काम अर्ध्यावर असताना चुना संपला, तर लगेच दुसरा कुठून आणणार? म्हणून काम धरण्याआधी किती चुना लागेल ते सांगावं लागे, आणि ते सांगण्यात मालकांचा हात धरणारा कुणी नव्हता. कामाचे ठेके घेणारे गुत्तेदार त्यांना एवढ्यासाठीच बोलवायचे.

त्यांची रीत उस्तादाची होती. उस्ताद म्हणायचे, "पैले एक कतार बिछाके देखो, फिर बोलो." मालक आधी जमीन ठोकून सपाट करून घ्यायचे. मग दोन बोटं जाडीचा चुना पसरून फरशीची एक रांग बसवायचे. त्या रांगेला किती घमेली लागली ते मोजायचे, खोलीत अशा किती रांगा बसतील ते पावलांनी मापायचे. शेवटी दहा घमेल्यांमागे एक वाढवून आकडा सांगायचे. मी पाहिलेल्या सात-आठ कामांत शेवटी एकदोन घमेलीच उरली.

मग पाथरीचं काम आलं.

सरकारी दवाखाना बांधून झाला होता, फरशी तेवढी राहिली होती. मोठी लढाई चालू होती त्या दिवसांत. रेल्वेला मालाचे डबे मिळत नव्हते, त्यामुळे फरशी एकदम न येता दोनदा आली. पहिल्या खेपेच्या गाड्या आल्या तेव्हा मालकांनी दगड उलटेपालटे करून पाहिले. पाठ सपाट, जाडी सारखी. त्याच दगडांची एक रांग बसवून त्यांनी गुत्तेदाराला आकडा दिला. तेवढा चुना विझवून, मुरवून तयार झाला.

दुसरी खेप महिन्याभराने आली, तोवर काम जोरात चालू झालं होतं. हे दगड कुठल्या तरी दुसऱ्या खाणीतले असणार. वरून तसेच निळसर, गुळगुळीत. पण पाठीला कुठे खड्डा, कुठे फुगवटा. एक कड बोटभर तर दुसरी तीन बोटं. मी ते डोक्यावरून वाहत होते. सरळ चालावं तर दगड एका अंगाला ओढायचा. पहिल्या खेपेच्या दगडांनी असं होत नव्हतं. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की या दगडांखालचे खड्डे भरायला चुना जास्त जाणार.

मी बोलले नाही. मापाचं बोलणं पुरुषांचं. शिवाय मालक स्वतः ते दगड बसवत होते, त्यांना दिसत असेलच असं मला वाटलं. त्यांना दिसलंही असेल. पण आकडा देऊन झाला होता, आणि आपला आकडा चुकला असं त्यांना तोवर कधी म्हणावं लागलं नव्हतं.

मोठ्या दालनाच्या पाच रांगा राहिल्या आणि चुना संपला.

गुत्तेदार आला. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता. जिल्ह्याचे मोठे अधिकारी, अव्वल तालुकदार साहेब, आठ दिवसांनी दवाखाना उघडायला येणार होते.

"मिस्त्री, पाच रांगा राहिल्या म्हणून साहेबांना काय सांगू?" तो म्हणाला.

"चूक माजी हाय," मालक म्हणाले. "कळी मागवा. मी करतो."

"पंधरा दिवस मुरवत बसायला वेळ नाही."

"न्हाई मुरवत. तीन दिवसांत वापरू."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. न मुरलेला चुना ते दुसऱ्याच्या कामावरही वापरू देत नसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळीची गाडी आली. हौदात आधी पाणी भरून त्यात हळूहळू ढेकळं सोडायची, ही रीत. पण हौद भरायला वेळ लागला असता. त्यांनी ढेकळांचा ढीग घातला आणि मला वरून पाणी ओतायला सांगितलं. ते फावडं घेऊन ढेकळं फोडायला वाकले. मी घागरीवर घागर ओतत होते. वाफ उठायला लागली. ढीग आतून खदखदत होता.

"ओत अजून," ते म्हणाले.

"अवो, लय उकळायलाय. जरा बाजूला व्हा."

"ओत म्हणलं ना."

मी ओतलं. आत कुठेतरी मोठं ढेकूळ होतं, ते फुटलं. आवाज फार मोठा झाला नाही. ते फावडं टाकून खाली बसले, आणि मी पाहिलं तर त्यांचं सगळं तोंड पांढरं झालेलं. डोळे त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

माझ्या हातात घागर होती, निम्मी भरलेली. मी ती त्यांच्या तोंडावर ओतणार एवढ्यात माणसं धावत आली आणि ओरडली, "पानी लावू नका! चुन्याला पानी लागलं की आनखी उकळंल! तेल आना!" पाण्याने चुना कसा उकळतो ते मी आताच डोळ्यांनी पाहिलं होतं. मला त्यांचं खरं वाटलं. मी घागर खाली ठेवली. कुणीतरी करडीचं तेल आणलं, ते त्यांच्या डोळ्यांत घातलं. ज्या ओट्यावर त्यांना निजवलं तो दवाखान्याचाच ओटा होता. आत ना डॉक्टर, ना औषध.

बैलगाडीने मानवत रोड स्टेशनला, तिथून रेल्वेने परभणीला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहिले, धुतले, पट्टी बांधली आणि मला विचारलं, "लागलीच पाणी का नाही मारलं? घागरीच्या घागरी ओतायला पाहिजे होत्या. एखादा डोळा तरी वाचला असता."

मी म्हणाले, "घागर हातातच होती."

खाटेवरून मालक म्हणाले, "तिला काय ठावं, साहेब. समदेच नको म्हनत व्हते."

ते एवढं बोलले म्हणून मी त्या दिवशी उभी राहू शकले.

डावा डोळा गेला. उजव्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. पाच रांगा दुसऱ्या गवंड्यांनी त्याच चुन्यात बसवल्या आणि साहेब येऊन गेले. पावसाळ्यात त्या रांगांखालचा न विझलेला चुना फुलला आणि फरश्या उचलल्या गेल्या. गुत्तेदाराने आंधळ्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. आम्हाला हे कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा मालक एवढंच म्हणाले, "नाव माजंच हाय त्या कामावर."

आम्ही गावी आलो. दिरांनी घरातली एक खोली दिली. मी त्यांच्या शेतात राबायची. मालक दारात बसून राहायचे. उन्हाकडे तोंड करायचे आणि सावली सरकली की जागा बदलायचे. कोणी हाक मारली तर ओ देत. आपणहून बोलत नसत. असं दीड वर्ष गेलं.

मग गावातलीच दोन माणसं आली. देवळाच्या मंडपात फरशी घालायची होती. गवंडी मिळाला होता, पण त्याला अंदाज येत नव्हता.

"तुमी निस्तं येऊन सांगा, मिस्त्री," ते म्हणाले.

मालक भिंतीला धरून उठले. मग मला म्हणाले, "चल."

मंडपात त्यांनी मला रांग मापायला सांगितली. मग म्हणाले, "दगडाची पाठ कशी हाय? वरचे दगड बघू नकोस. ढिगाच्या तळातनं, मधनं, कडंनं, असे वीस काढ." मी वीस दगड काढून उलटे केले. प्रत्येकाची जाड कड आणि बारीक कड बोटांनी मापून त्यांना सांगितली. त्यांनी आकडा सांगितला. काम संपलं तेव्हा तीन घमेली चुना उरला.

त्यानंतर आसपासची चार-पाच कामं अशीच झाली. माणसं त्यांना नमस्कार करत, त्यांच्याशी बोलत, त्यांना चहा देत. माझ्याकडे कुणी पाहत नसे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. घरी ते पुन्हा बोलायला लागले होते. एकदा भाकरी खाताना हसलेसुद्धा. पुढे पुढे मला दगड तळहातावर घेतला की चुन्याचा अंदाज कळायला लागला. मी आकडा त्यांच्या कानात सांगायची आणि ते मोठ्याने सांगायचे.

पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या माणसांसाठी खोल्या बांधल्या जात होत्या. तिथल्या गुत्तेदाराने बोलावलं. खोल्या लहान, सगळ्या एकाच मापाच्या. मी एक खोली मापून त्यांना सांगितली आणि मागे रचलेली फरशीची थप्पी बघायला गेले. परत येते तर त्यांनी आठ माणसांत आकडा देऊन टाकलेला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या भोवती एवढी माणसं होती. त्यांचा आवाज मोठा झाला होता.

मी मागच्या थप्पीतले दगड उचलून पाहिले होते. ते पाथरीसारखेच होते.

"न्हाई," मी म्हणाले. "तेवढ्यात भागनार न्हाई."

गुत्तेदाराने माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे. मालक उठले आणि काठी चाचपडू लागले. मी ती त्यांच्या हातात दिली. जाताना ते गुत्तेदाराला म्हणाले, "ती सांगते तसं करा."

स्टेशनात आम्ही गाडीची वाट पाहत बाकावर बसलो. ऊन चढलेलं होतं.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"मागच्या थप्पीतले दगड एका अंगाला जड हायेत."

"उचलून कळतं?"

"डोक्यावर घेतला की मानेला कळतं."

त्यांनी काठी दोन पायांत उभी धरली. मग म्हणाले, "पाथरीला तूच वाहत होतीस."

"व्हय."

"तवा न्हाई कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं.

"कळलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

"तुमी माप देऊन बसला होता. चार मानसांत मी काय बोलू? वाटलं, तुमाला ठावं असंल."

गाडी आली. एरवी डब्यात चढताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतःच दांडा शोधला. एकदा पाय चुकला, पायरीवर गुडघा आपटला. मी हात पुढे केला तो त्यांनी हळूच बाजूला सारला.

त्यानंतर ते कुठल्याही कामावर आले नाहीत. बोलावणं आलं की म्हणायचे, "हिला न्या. हिला कळतं." हे ते रागाने म्हणत की मनापासून, मला कधी उमगलं नाही. आवाज सपाट असायचा. मी एकटी जायला लागले. काही ठिकाणी माझं ऐकलं. काही ठिकाणी बाई बघून परत पाठवलं.

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या वर्षात कामंच बंद पडली. रझाकारांच्या भीतीने गावं ओस पडायला लागली. माझे दीर बायकामुलं घेऊन निजामाच्या हद्दीपलीकडच्या पाहुण्यांकडे निघाले. मालकांना तेव्हा ताप होता, उठवत नव्हतं. थोरल्या दिरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्येला गाडीत घालून न्यायचं म्हनलं तर वाटंतच जाईल. तू काय करतीस?"

"मी राहते," मी म्हणाले.

एक जुनी गाडी आणि एक म्हातारी बैलजोडी त्यांनी मागे ठेवली. गावात आमच्यासारखी पाच-सात माणसं उरली होती, सगळी म्हातारी किंवा आजारी. दिवसा चूल पेटवायचीही भीती वाटे. मी पहाटेच भाकरी करून ठेवायची. ते खात नव्हते. पाणी मात्र पुष्कळ प्यायचे. मी तांब्या ओठाला लावला की माझं मनगट धरून ठेवायचे.

त्या दिवसांत त्यांनी मला दोष दिला नाही. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मी दोनदा विषय काढायचा म्हणून जवळ बसले, दोन्ही वेळा ते भिंतीकडे वळले. बोलायचे ते दुसरंच. बैलांना वैरण टाकली का, कवाडाला अडसर घातला का, बाहेर काही आवाज यायलाय का.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "घरात कोन हाय?"

"मीच हाय."

"अजून कोन?"

"कुनी न्हाई. मीच."

"बरं," ते म्हणाले. ते शेवटचं बोलणं. दुपारी गेले.

खांदा द्यायला चार माणसं नव्हती. शेजारचा म्हातारा आणि त्याची बायको आली. तिघांनी मिळून त्यांना गाडीत ठेवलं. शेताच्या कडेला लाकडं मीच रचली. म्हाताऱ्याने चूड पेटवून आणली. तो म्हणाला, "अग्नी मी देऊ का तू देतीस?" मी दिला. धूर लांबून दिसेल म्हणून आम्ही तिघंही सारखं रस्त्याकडे पाहत होतो, चितेकडे फारसं पाहिलंच नाही.

दीर परत आले तेव्हा मालकांना जाऊन दीड महिना उलटला होता आणि राज्य बदललं होतं. जावेने सारवलेली खोली पाहिली, रिकामी खाट पाहिली आणि विचारलं, "एकटीनंच केलंस समदं?"

मी हो म्हणाले. ती रडायला लागली, आणि तिला गप्प करता करता माझा दिवस गेला.

पुढच्या महिन्यात मी परभणीला एका फरशीच्या कामावर चुन्याचा अंदाज सांगायला गेले.