हातात मावणारा जॅक

खुनाची कबुली समोरून चालून आली आणि तरी मला चैन पडेना, असं नोकरीत एकदाच झालं. म्हणून ते प्रकरण डोक्यातून जात नाही.

वेळणेश्वरजवळच्या एका गावातले दोघे भाऊ केळशीला भाचीच्या लग्नाला निघाले होते. गाडी वडिलांच्या काळातली. थोरला गावात राहायचा, धाकटा मुंबईला नोकरीला. धोपाव्याच्या फेरीबोटीकडे जाताना टायर बसला. चाक बदलताना गाडी खाली आली आणि थोरला जागीच गेला.

अकस्मात मृत्यूची नोंद करून मी पंचनामा उरकत होतो, तेवढ्यात पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, सरळ दिसतंय तसं नाय हा. दोघांचं गाडीवरून वाजलं होतं. ही गाडी तुझा जीव घेईल असं धाकटा बोललेला. अख्ख्या वाडीनं ऐकलंय."

धाकट्याला ठाण्यात आणलं. मी सरळ विचारलं, "कोणी मारलं?"

"मीच मारलं दादाला," तो म्हणाला. त्यापुढे अवाक्षर नाही.

आमचा हवालदार खूश झाला. मी नाही. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे खून केलेला माणूस काहीतरी सबब सांगतोच. समोरच्याने हात उचलला, डोकं फिरलं, काहीतरी. या गृहस्थाला फक्त शिक्षा हवी होती. पुढ्यातल्या चहाला तो शिवलादेखील नाही.

गाडी ठाण्याच्या आवारात आणून ठेवली होती. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. दाराखालच्या पट्टीला, जिथे जॅक लावतात तिथेच, भोक पडलेलं होतं. बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले. समुद्राकाठी वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी, दुसरं काय होणार? जॅक मात्र कोरा करकरीत, हातात मावेल एवढा, आणि त्याचं डोकं रुपयाएवढं. त्या भोकात ते बरोब्बर बसलं. सगळा भार एवढ्याशा जागी आला आणि कुजका पत्रा फाटला.

मी आत जाऊन प्रश्न बदलला. "जॅक कोणी आणला?"

तेव्हा तो रडला. "मी आणला, साहेब. दादा ही जुनी गाडी विकायला तयार नव्हता. म्हटलं, निदान प्रवासात हा ठेव, जागा अडत नाही, हलका आहे. पत्र्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. एक नट घरंगळून गाडीखाली गेला, दादा काढायला वाकला. मी समोर उभा होतो."

डिकीत गाडीच्या मूळच्या जॅकची जागा रिकामी होती. तो जॅक पट्टीची कड रुंद खाचेत धरतो. कदाचित त्याने निभावलं असतं. तो कुठे गेला हे विचारायला मी मयताच्या घरी गेलो. जॅक पडवीतच पडला होता.

"मीच काढायला लावला," थोरल्याची बायको म्हणाली. "लग्नाघरी द्यायचे फणस मावेनात. मी म्हटलं, भावजींनी नवा आणलाय ना, मग हे धूड कशाला? साहेब, भावजींना धरलंत तर मलापण धरा."

मी कोणालाच धरलं नाही. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल जोडला आणि अपघात म्हणून प्रकरण बंद केलं. धाकट्याला सोडताना वहिनीचं बोलणं शब्दाशब्दाने सांगितलं. तो म्हणाला, "वहिनीचं मन मोठं आहे. मला बरं वाटावं म्हणून बोलते ती." सही करून निघून गेला.

तेव्हापासून चौकशीत मी आधी 'काय झालं' विचारायला लागलो आणि 'कोणी केलं' मागाहून. हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवलं. कोणी जुनी गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघालं, की आधी गाडीखाली वाकून पट्टी तपासायला लावतो, मग जॅकचं बोलतो. घरचे हसतात. हसू देत.

निवृत्तीनंतर गुहागरच्या बाजारात थोरल्याची बायको भेटली. मला ओळखून थांबली.

"साहेब, भावजींना सांगितलंत ना तुम्ही, मी काय म्हटलं ते?"

"सांगितलं होतं."

"मग शिमग्यालासुद्धा येत का नाहीत?" तिने विचारलं. "पालखी दारात येते, त्यांच्या वाटणीचा नारळ मीच देते."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि एसटीपर्यंत सोडायला गेलो.