बिनमिठाचं पातेलं

आमच्या शेजारच्या आचारीकाकांना थोडं शिजवता येत नाही. हा काही रोग नाही, पण त्रास रोगासारखाच होतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये घालवली. तिथे भात म्हणजे अख्खं पोतं आणि डाळ म्हणजे दोघांनी मिळून उतरवायचं पातेलं. ते निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली. मुलगी त्याआधीच नोकरीसाठी लांबच्या शहरात गेलेली. घरात खाणारं तोंड एकच उरलं, पण हात आवरेना. मूठभर तांदूळ घ्यायला जायचे आणि घरभर पाहुणे आल्यासारखा भात करून बसायचे.

"काका, मोजायला वाटी घ्या ना," मी एकदा कुंपणावरून म्हणाले.

"वाटीवाटीने पोरी भातुकली खेळतात, ताई."

मी फटकळ बाई आहे, लगेच उत्तर देते. पण त्या दिवशी त्यांच्या हातातलं जवळजवळ भरलेलं पातेलं पाहिलं आणि गप्प बसले. ते कुणाकडे न्यावं हे त्यांना कळत नव्हतं. माझं घर म्हणजे मी आणि माझं शिवणयंत्र. मी तरी किती खाणार?

मग त्यांचा एक जुना सोबती, कारखान्याचा ड्रायव्हर, गाव सोडून निघाला आणि जाता जाता आपल्या कोंबड्या काकांच्या गळ्यात मारून गेला. मला वाटलं, आता काका वैतागणार. उलट माणूस खुलला. दुपारी मागच्या पायरीवर उभे राहून ते "या गं!" अशी हाक द्यायचे आणि सगळ्या जणी पंख पसरून, एकमेकींना ढकलत धावत यायच्या. कॅन्टीनची घंटा झाली की अशीच झुंबड उडायची म्हणे. काका उरलेला डाळभात डावाने वाढायचे, अगदी ओळीने.

तिथेच घात झाला. काकांचा हात मिठाला सढळ. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसांना मीठ जास्त लागतं, म्हणून आयुष्यभर ते मुठीने मीठ घालत आले, आणि चाखून बघणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. तेच अन्न कोंबड्यांच्या पुढ्यात. त्या सारख्या पाणी प्यायला लागल्या, पोटं बिघडली, आणि एके सकाळी तांबडी कोंबडी पाण्याच्या पसरट भांड्याशेजारी मरून पडलेली दिसली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना चांगलंच फैलावर घेतलं. "माणसाचं खाणं चालतं हो, पण तुमच्या मुठीतलं मीठ नाही," असं त्या म्हणाल्या. काकांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कुणाच्या घरचं उष्टंखरकटं सुखाने बाहेर पडेना. मी भाज्यांची सालं नेऊन दिली की ते चष्मा लावून एकेक उचलून बघायचे. कलिंगडाची साल पास. भोपळ्याचा गर, कोबीची पानं, मक्याचे दाणे पास. हिरवट पडलेली बटाट्याची सालं मात्र परत माझ्या हातात. कच्च्या राजम्याचे चार दाणे चुकून आले तर केवढा आरडाओरडा! शिजलेला चालतो, कच्चा म्हणजे विष. चॉकलेट नको, तळकट नको, चहाचा चोथा नको. एकदा मी पाव दिला, त्याच्या कडेला जरा बुरशी होती.

"तुम्ही खाल का हा?" काकांनी विचारलं.

"मी कशाला खाईन?"

"मग त्यांनी का खावा?"

मी पाव उचलला आणि तणतणत घरी आले. कोंबड्यांचे एवढे लाड! पण खोटं कशाला बोलू, मला त्या कोंबड्यांचा हेवा वाटला होता. मी काय खाते हे मला कुणी विचारलं त्याला किती काळ लोटला, ते आठवेना.

पुढे एकदा त्यांनी मला वाडगाभर डाळ आणून दिली. मी एक घास घेतला आणि म्हणाले, "काका, मीठ राहिलं."

"राहिलं नाही. घातलंच नाही."

"अहो, त्यांचं आधी काढून ठेवा आणि तुमच्यात घाला की."

"दोन पातेली कशाला?" ते सहज म्हणाले. "आम्ही एकत्रच जेवतो."

खरंच होतं ते. आधी कोंबड्यांना वाढायचं, त्या खायला लागल्या की मग पायरीवर बसून स्वतः जेवायचं. सगळ्यांचं झाल्याशिवाय आचारी ताट घेत नाही, ही कॅन्टीनची सवय. हे मी रोज कुंपणापलीकडून बघत होते, पण हा माणूस किती एकटा आहे ते मला त्या अळणी डाळीने सांगितलं.

आणि एक दिवस काका कुंपणाशी आले ते उजळलेल्या चेहऱ्यानेच. "लेक न्यायला येतेय," म्हणाले. "कायमचं तिच्याकडे राहायला बोलावतेय. तुम्ही कोंबड्या सांभाळाल ना?"

मी आधी कुरकुर केली, मग हो म्हटलं. त्यांनी माझी शिकवणी घेतली, दोनदा परीक्षाही घेतली. कपड्यांची बॅग दारात आणून ठेवली. या माणसाला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं.

लेक आली त्या दुपारी त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. लेकीने पहिला घास घेतला आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. काकांच्या ते लक्षात आलं नाही. ते वाढायचा डाव हातात धरून उभेच होते.

"बाबा, तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय," ती म्हणाली. "खिडकी आहे, ऊन येतं. आणि स्वयंपाकाची कटकट नाही. डबा येतो बाहेरून."

"बरं," काका म्हणाले. "जेवायला किती वाजता बसता तुम्ही सगळे?"

लेक हसली. "बसतोय कुठे, बाबा! तुमचे जावई रात्री उशिरा येतात, मी ऑफिसातच खाते. तुमची नात तिच्या खोलीत, मोबाईल समोर ठेवून. ज्याला भूक लागेल तो गरम करून घेतो."

"एकत्र कधीच नाही?"

तिने थोडं खोटं बोलायला हवं होतं. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. पण पोरगी बापासारखीच सरळ. तिने खरंच आठवून पाहिलं. "वाढदिवसाला," ती म्हणाली. "हॉटेलात."

काकांनी मान हलवली. डाव पातेल्यात ठेवला, दाराशी गेले आणि बॅग उचलून आत कपाटाजवळ नेऊन ठेवली.

"बाबा?"

"राहू दे गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "इथे निदान हाक मारली की सगळ्या एकदम येतात."

मला उठून निघून जावंसं वाटलं. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलंही नाही. बाजूला सरकवलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं.

"वाढा," ती म्हणाली. "आणि तुम्हीही बसा. आत्ता. माझ्याबरोबर."

काका गोंधळले. सगळ्यांच्या आधी ताट घ्यायची त्यांना सवयच नव्हती. तरी बसले. मागच्या दाराशी कोंबड्यांनी कलकलाट मांडला होता, दारावर चोची मारत होत्या. काका एकदाही उठले नाहीत. लेक सावकाश जेवत होती, एकेक घास लांबवत, आणि तिचं ताट संपेपर्यंत ते तिच्याकडे बघत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती एकटीच गेली.