खिंडीतून बंद इंजिनाने

आमच्या गावात आबांच्या स्कूटरचं कौतुक करणारे खूप आहेत. आबा म्हणजे माझे वडील. “त्यांची स्कूटर म्हंजी गावाची अॅम्ब्युलन्स व्हती,” असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. मी तोंडावर सांगते, कौतुक करू नका. दिवस भरलेल्या बाईला स्कूटरवर मधे बसवायचं, मागून दिराने धरायचं आणि खड्डे चुकवत डिंभ्याच्या दवाखान्यापर्यंत न्यायचं, ही अभिमानाची नाही, लाजेची गोष्ट आहे. बस येत नव्हती म्हणून ती स्कूटर पळत होती. बस आजही स्वतःच्या मर्जीने येते. तिच्यासाठी मी पत्रकं वाटते, निवेदनं देते, आणि साहेब लोकांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहते.

एवढं ठणकावून झाल्यावर आता खरं सांगते. त्या स्कूटरसाठी माझा जीव तुटतो.

आबा गेले ते बस नव्हती म्हणून गेले असते तर पत्रकात लिहायला सोपं झालं असतं. तसं झालं नाही. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कुणाला जाब विचारणार? आमच्या प्रत्येक सभेचं शूटिंग माझ्या फोनमध्ये आहे, पण आबांचा आवाज कुठेच नाही. ते सभेत बोलायचे नाहीत, सभा संपली की सतरंज्या उचलायचे.

आणि आईने संध्याकाळची भाकरी करणं सोडलं.

आधी कसं होतं, तर दिवेलागणीला ती पीठ मळून चुलीपुढे बसायची, तवा तापत असायचा, पण भाकरी टाकायची नाही. मग एकदम कान टवकारायची आणि नाचणीची भाकरी थापायला घ्यायची. आबा हातपाय धुऊन येईपर्यंत ती फुगलेली असायची. “हिला कसं कळतं, देव जाणे,” आबा म्हणायचे. लहानपणी मी आबांबरोबर गाडीवरच असायचे आणि पुढे ओतूरला होस्टेलवर राहून कॉलेज केलं, त्यामुळे सुट्टीत आले तरच हे बघायला मिळायचं. आबा गेल्यावर ती दुपारीच सगळ्या भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळून ठेवायला लागली. रात्री गार भाकरी, कालवण आणि गप्प बसणं. विचारलं तर म्हणायची, “कुणाची वाट बघत बसू?”

मला ती तव्यापुढे कान देऊन बसलेली परत हवी होती. बाकी काही नाही.

स्कूटर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. अंगावर पेंढा, सीटवर कोंबडीने केलेला खोपा. आईचं म्हणणं एकच होतं, “चालू कर न्हाईतर भंगारात दे. अशी मेल्यागत उभी नको.” मी पाने आणले, मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि कामाला लागले. इंजिन जाम होतं. कार्बुरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. टाकीत गंज. बघायला येणारे कमी नव्हते.

“काय राव, मोर्चा आता शेडमधी का?” असं एकाने विचारलं. त्याला मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा दाखवला. हात पुसायला तीच घेत होते. आमच्या मागण्यांचा एवढा थेट उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

पिस्टन आणि रिंगांसाठी जुन्नरला गेले. जुन्या गाड्यांची कामं करणारा एक मिस्त्री तिथे आहे, तोंडाने फार फटकळ. इंजिन पोत्यात घालून बसमधून नेलं होतं. त्याने पोतं उघडलं आणि कपाळाला हात लावला.

“ताई, ह्याच्यात काय ऱ्हायलंय? हिला लेण्याद्रीच्या लेण्यात नेऊन ठेवा. लोक तिकीट काढून बघतील.”

“तुम्ही बसवणार आहात का दुसऱ्याकडे जाऊ?”

“चिडताय कशाला? बसवतो की. आमी नाय म्हटलं व्हय?”

लेण्याद्रीवरून आठवलं. तिथल्या पायथ्याशी काढलेला आईआबांचा एक फोटो आहे. मागे ही स्कूटर, स्वच्छ पिस्ता रंगाची. त्या फोटोवरून मी रंग जुळवून आणला. गंज खरवडला, पोचे काढले, केबली बदलल्या. इंजिनावरचं बाजूचं झाकण कायमचं ढिलं असायचं. त्याची खिटी तुटलेली आणि आबांनी ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं. मी नवी खिटी लावली, कडेने रबर बसवलं. झाकण असं चपखल बसलं की नख जाईना. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

स्कूटर एका अंगावर तिरकी केली, सरळ केली, किक मारली. आबांची पद्धत. बऱ्याच किका खाऊन ती सुरू झाली, आणि शेड निळ्या धुराने भरली तेव्हा मी रडले. धुरामुळे म्हणा हवं तर.

मग संध्याकाळ होऊ दिली. आईला काही न सांगता वरच्या खिंडीत गेले. खिंडीपासून आमच्या घरापर्यंत नुसता उतार आहे. तिथून मी वाजतगाजत खाली आले, वळणावळणाला हॉर्न देत. अंगणात उभी राहून आणखी एकदा दिला. आई शेंगा फोडत होती. तिने मान वर केली.

“तू व्हय? मला वाटलं, कुणी पावणं आलं.”

“आई, आबांची स्कूटर आहे ही!”

“ते दिसतंय की मला.”

“मग आवाजावरून ओळखली नाहीस?”

“त्यांची अशी न्हाई वाजत. लई बोंबलती ही.” आणि पुन्हा शेंगा.

मी तणतणत मिस्त्रीकडे गेले. म्हटलं, सायलेन्सर चुकीचा आहे, आवाज बदललाय. तो माझ्यापेक्षा जास्त तणतणला. “ताई, नवी कोरी असताना बी एवढी गोड वाजली नसंल! तुमच्या आईंच्या कानाला काय पायजे ते मी कुठून आणू?” चिडायचा हक्क त्याला होता. मी परत आले आणि सगळं पुन्हा तपासलं. इंजिनात खोट सापडेना. आई आपली दुपारीच भाकऱ्या करून मोकळी.

पुढे एका संध्याकाळी बाजारातून येताना खिंडीत पेट्रोल संपलं. त्या स्कूटरला काटा नाही. रिझर्व्हचा खटका मी आधीच उघडून विसरले होते. मनात स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि न्यूट्रलमध्ये सोडून दिली. ती उतरायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. इंजिन गप्प. नुसता वारा, टायरखालची खडी, खालच्या खाचरांत ओरडणारी टिटवी. लहानपणी मी आबांच्या पुढ्यात उभी राहायचे, हँडल धरून. खिंड आली की त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे यायचा आणि स्कूटर गप्प व्हायची. पेट्रोलपंप लांब, म्हणून उतारावर इंजिन बंद. माझ्या हाताला हे माहीत होतं, मला नव्हतं.

अंगणात अशी शिरले की कोंबड्या चाकाखाली येता येता वाचल्या. आई दचकून उभी राहिली.

“अगं, आवाज तरी द्यायचा! ते बी असंच यायचं, गाडी बंद करून. पण आरडायचं तरी. आन् ते झाकण वाजायचं.”

“कुठलं झाकण?”

“इंजिनावरचं. खडाखडा वाजायचं ते. खिंडीतनं आलं की मला कळायचं.”

मी झाकण हलवून बघितलं, हललं नाही. एवढं सगळं सुरू केलं मी, आणि तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं ते इंजिन कधी नव्हतंच. त्या जातीच्या जुन्या स्कूटरला बॅटरी नसते. इंजिन थांबलं की हॉर्न मुका, दिवा आंधळा. म्हणून आबा ओरडायचे. आणि ज्याने तिला चुलीपुढे कान द्यायला लावलं, ते मी रबर लावून, खिटी ठोकून गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईच्या देखत रबर उपटून काढलं. खिटी काढली. सायकलची फाटकी ट्यूब शोधून तिची पट्टी कापली आणि झाकण बांधलं, हात घालून हलेल एवढं सैल. दिवेलागणीच्या आधी खिंडीत गेले. इंजिन बंद केलं. पहिल्याच खड्ड्याला झाकण खडखडलं. आबांसारखं ओरडायला गेले, “व्हाऽऽ बाजूला!” माझा घोषणा देऊन बसलेला घसा, त्यांचा आवाज त्यात नव्हता. असणारच नव्हता. तरी ओरडत आले.

आई चुलीपुढे होती. तवा ठेवलेला. भाकरी नुकती टाकलेली, वरची बाजू अजून ओली.

“जरा लवकर आलीस,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. “तुझं आबा वळणावर थांबायचं. मागचा माणूस उतरवून मग यायचं.”

वरच्या वस्तीची वाट त्या वळणावरून फुटते. आबांच्या मागे रोज कुणी ना कुणी असायचंच. भाकरी उलटायला लागणारा वेळ तिथे जायचा. ज्या गोष्टीला मी लाज म्हणते, तिच्यावर आईचं गणित बसलेलं होतं. मी चुलीत लाकूड सारलं. तिने पाण्याचा हात फिरवला, भाकरी उलटली, आणि पदराने डोळे पुसले.

अजूनही मी म्हणते, हे काम बसचं आहे. नवीन पत्रकात तसंच छापलंय, मागच्यापेक्षा कडक शब्दांत. पण बाजारातून परतताना खिंडीत कुणी ताटकळत उभं असेल तर मी थांबते. परवा वरच्या वस्तीतल्या काकी होत्या, भाजीची पिशवी घेऊन.

“पोरी, तुझी बस कधी येणार गं?”

“येणार, काकी. आणल्याशिवाय सोडत नाही. तोवर बसा.”

“आन् हे काय खडखडतंय? पडंल की कुठं!”

“खडखडू दे. घट्ट धरा.”

इंजिन बंद केलं. वळणावर काकी उतरल्या, पिशवी सावरली, गुडघ्याला शिव्या घातल्या. मी थांबले. खाली आमच्या घरातून धूर निघत होता. काकी वाटेला लागल्यावर मी पाय जमिनीवरून उचलले.