तेलाच्या जहाजांसमोरचा खंड्या

मंदी आली त्या हिवाळ्यात मला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलं होतं. आम्ही शारजात, अल नहदाला राहायचो. नवरा दुबईत एका टॉवरच्या साइटवर सिव्हिल इंजिनिअर. आधी त्या टॉवरच्या क्रेन थांबल्या, मग माणसं कमी होत गेली, आणि एका गुरुवारी त्याच्याही हातात नोटीस पडली. माझा व्हिसा त्याच्यावर, त्याचा कंपनीवर. आमच्या पार्किंगमध्ये तेव्हा धुळीने माखलेल्या गाड्या तशाच उभ्या असायच्या. त्यांचे मालक न सांगता भारतात निघून गेलेले.

शुक्रवारी सकाळी घरात बसवेना. नवराच म्हणाला की चल, फुजैऱ्याच्या किनाऱ्याकडे जाऊ, तुला तो खंड्या हवाय ना? तिकडे खारफुटीत पांढऱ्या गळ्याचा, निळसर हिरवा खंड्या असतो. मला दोनदा हुलकावणी देऊन गेला होता. डोंगर ओलांडताना आम्ही नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

खंड्या त्या दिवशी सापडला. एका वाळक्या फांदीवर बसून तो चिखलातल्या खेकड्यांवर नजर ठेवून होता. मी वाळूत पालथी पडून फोटो काढत राहिले. तास-दीड तास मला दुसरं काही आठवलं नाही. पुढे किनाऱ्यावर चिखलपाखरांचा थवा दिसला, म्हणून मोठी लेन्स तिकडे वळवली. त्यांच्या मागे, लांब समुद्रात, तेलाची जहाजं नांगर टाकून उभी होती. तेव्हा मला ती दिसलीच नव्हती.

पोलिसांची गाडी आली तेव्हा मी पाणी प्यायला आमच्या गाडीपाशी गेले होते आणि कॅमेरा नवऱ्याच्या हातात होता. बंदराकडे कॅमेरा का, असं विचारून त्यांनी कागद मागितले. त्याच्याकडे लेबर कार्ड होतं, पासपोर्ट कंपनीकडे. कंपनीत फोन गेला, तर हा माणूस आमचा राहिलेला नाही, असं तिकडून सांगणार.

आमच्याच गाडीतून आम्हाला चौकीवर नेलं. तिथला अधिकारी तरुण होता, बऱ्यापैकी हिंदी बोलायचा. त्याने विचारलं, कॅमेरा कोणाचा?

"मेरा है," नवरा म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

अधिकाऱ्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा एक फोटो त्याच्यासमोर धरला. पुढे पाखरू, मागे अस्पष्ट जहाज. "ये कौन सा परिंदा है?"

नवरा बराच वेळ बघत राहिला. "चिडिया है, सर."

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. त्याने दारातल्या शिपायाला अरबीत काहीतरी सांगितलं. ते मला कळलं नाही, पण शिपाई आत येऊन नवऱ्याच्या मागे उभा राहिला. मी म्हणाले, "कॅमेरा माझा आहे." घाबरून मराठीतच बोलले, मग हिंदीत सांगितलं. हा तुतारी, ही छोटी चिखली, आणि खंड्या बघायचा असेल तर मागे जा. माझे मिस्टर मला वाचवायला खोटं बोलले.

अधिकारी एकेक फोटो मागे नेत गेला. खंड्याचे इतके फोटो होते की शेवटी त्याचा अंगठा थकला असावा. जहाजं असलेले सगळे फोटो त्याने माझ्यासमोर पुसायला लावले. मग नवऱ्याला म्हणाला की बायकोकडून पक्ष्यांची नावं शिकून घे, आणि पुन्हा बंदराकडे लेन्स नको. कंपनीत त्याने फोन केला नाही. कार्ड परत दिलं आणि म्हणाला, "खलास, जाओ."

गाडीत बसल्यावर नवऱ्याला चावी लावता येईना. मी विचारलं, असं का बोललास?

"माझा व्हिसा तसाही जाणार होता," तो म्हणाला. "तुझ्या नावावर काही नको होतं."

मग तो रडला. नोटीस मिळाल्यावरही रडला नव्हता. मी चावी घेतली आणि डोंगरातून गाडी मी चालवली, भीत भीत, प्रत्येक वळणावर आरशात बघत.

व्हिसाची मुदत संपत आली असताना त्याला अबुधाबीत, आधीपेक्षा खालच्या पदावर, काम मिळालं. आम्ही राहिलो. मी वाळवंटातल्या खोकडांचे फोटो काढू लागले. तिथे मागे नुसती वाळू असते. तरीही मी कॅमेरा डोळ्याला लावला की तो गाडीतून उतरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. आपण काही चुकीचं करत नाही, असं मी त्याला सांगायचे. तो हो म्हणायचा आणि तिथेच उभा राहायचा.