मेई आंटी जपानच्या नव्हत्या

मुंबईच्या विमानतळावर मेई आंटी माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची ही चिनी बाई सिंगापूरहून एकटी आली, अगदी ताजीतवानी. मी मात्र साताऱ्याहून एस.टी.ने अंग आंबवून पोचले होते. माझा मुलगा सिंगापुरात त्यांच्या शेजारी राहतो, त्यातून आमची ओळख. त्यांची एकच इच्छा होती, बुद्धाच्या देशात वडिलांच्या नावाने एकदा वंदना व्हावी. नागपूरच्या सुषमाताई माझ्या जुन्या ओळखीच्या, एका विहाराचं महिला मंडळ चालवतात. त्या म्हणाल्या, पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसाच्या नावाने केलेली वंदना) आमच्याकडेच करा. मी फोनवर तारीख ठरवली, हॉटेल ठरवलं आणि स्वतःवर भलतीच खूश होऊन निघाले.

मार्च संपत आला होता. नागपुरात उतरलो तर सकाळीच ऊन डोळ्यांत घुसत होतं. रिक्षावाल्याने आंटींकडे वळून पाहिलं. "जपानहून आल्या का मॅडम?"

"सिंगापूर," मी म्हणाले.

"असं का? पण जपानच्याच दिसून राहिल्या."

नागपुरात जपानी बौद्ध पाहुण्यांचं येणंजाणं असतं, हे मला ठाऊक होतं. पण हॉटेलात तेच, पानठेल्यावर तेच! तर्री पोह्यांच्या (झणझणीत चण्याच्या रश्शातले पोहे) गाडीवर तर मालकाने कमरेत वाकून नमस्कार केला. आंटी प्रत्येक वेळी हळूच "सिंगापूर" म्हणत. पाचव्या वेळी त्यांनी बोलणंच सोडलं. त्यांनी दोन प्लेट पोहे संपवले. मी साताऱ्याची, तिखटाचा तोरा मिरवणारी, एका प्लेटमध्येच आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी रामटेकला गेलो. पायऱ्यांवर माकडाने माझी चिकूंची पिशवी पळवली, चष्मा थोडक्यात वाचला. वर गेल्यावर खाली भाताची मोकळी खाचरं आणि दूरवर पाणी दिसत होतं. माझ्या चष्म्याकडे बघत आंटी म्हणाल्या, "माझे वडीलही चष्मा लावायचे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सिंगापूर घेतलं आणि चिनी पुरुषांना तपासणीला बोलावलं. काहींच्या कपड्यांवर शिक्का मारून घरी सोडलं. बाकीच्यांना ट्रकमध्ये कोंबून समुद्रकाठी नेलं. वडील शाळेत शिकवायचे. चष्मा आहे म्हणजे शिकलेला आहे, शिकलेला आहे म्हणजे विरोधात असणार, एवढं पुरेसं झालं. ते परत आले नाहीत. आंटी तेव्हा अकरा महिन्यांच्या होत्या.

हे ऐकल्यावर मी सुषमाताईंना तेव्हाच फोन करायला हवा होता. पण मी हॉटेलवर येऊन पोट धरून झोपले. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून शिव्या घालते.

सकाळी विहाराच्या फाटकाशी पांढऱ्या साड्यांतल्या तीसेक बायका उभ्या होत्या. वर भला मोठा फलक: 'जपानच्या पाहुण्या मेई यांचे हार्दिक स्वागत'. त्यावर पांढऱ्या झेंड्यातला तो लाल गोळा. प्रत्येकीच्या हातात कागदाचा तसलाच झेंडा. आंटी रिक्षातून उतरल्या आणि जागीच थांबल्या.

माझं डोकंच फिरलं. "सुषमाताई, मी तुम्हाला सिंगापूर म्हणून सांगितलं होतं ना?"

"म्याडम, तुमी 'परदेशी पाहुण्या आहेत, बौद्ध आहेत', एवढंच म्हणाल्या. आमच्या इकडे येतात ते जपानचेच येतात. काहून, काय झालं?"

काय झालं ते मी फाटकातच तडातडा सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे आमाले कोणी सांगितलंच नाही वो." त्यांनी स्वतःच्या हाताने फलक ओढून काढला. झेंडे गोळा झाले. मग त्या आत बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण आतली मूर्ती जपानच्या लोकायनंच दिली आहे. ते लोक तं आमच्याशी लय चांगले वागले. आता मूर्ती कशी हलवू?"

हे मी आंटींना इंग्रजीत सांगितलं. त्यांचा आवाज चढला नाही. "बुद्धावर माझा राग नाही. देणाऱ्यांवरही नाही. पण माझे वडील तिथे नकोत." आणि त्या फाटकाबाहेर थांबलेल्या रिक्षात जाऊन बसल्या. एवढ्या लांबून येऊन आता हात हलवत परत जायचं! मला रडू येत होतं आणि रागही आवरत नव्हता.

सुषमाताई बायकांकडे वळल्या. "चला वं, सतरंज्या बाहेर आना. रस्त्यावर बसू."

रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली सतरंज्या पडल्या. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, शेवटी एक डब्यात ठेवून पेटवली. कोळशाचा एक ट्रक हॉर्न मारून कंटाळला आणि थांबला. त्रिशरण झालं, पंचशील झालं. आंटींनी पाकिटातून कागद काढला आणि मी नाव वाचून दाखवलं, को सेंग वा. तीस बायकांनी ते एकदम म्हटलं. प्रत्येकीचं वेगळंच आलं. सुषमाताईंनी पुन्हा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदा बरं जमलं.

"त्यायच्या वडिलायसोबत नेलेल्या बाकीच्यायचीही नावं सांगा म्हणा," सुषमाताई मला म्हणाल्या. " त्यायचंही घेऊ."

आंटींनी नकारार्थी मान हलवली. त्यांना एकच नाव ठाऊक होतं.

परतीच्या विमानात मी माफी मागायला लागले, घोळ झाला, लाज वाटते वगैरे. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आई घरात त्यांचं नाव घेऊ देत नसे. कुणी ऐकलं तर आपल्यालाही नेतील, असं तिला वाटायचं. जपानी गेले तरी ती भीती गेली नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून वडिलांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं."

बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. दरवर्षी महायुद्ध शिकवलं, सेनापतींची नावं मुलांकडून घोकून घेतली. ज्यांना मारलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मी वर्गात कधी घेतलं नव्हतं.