जीपचं तेल आणि सासूबाईंचा कोलम

वडील गेल्यावर भावाने त्यांची जुनी जीप माझ्या हवाली केली. "तूच ने, तुझाच जीव तिच्यात." साताऱ्याच्या डोंगरात, चिखलात मी तिच्यावरच गाडी शिकले होते. घाटात कधी दगा न देणारी ही बाई चेन्नईत आली ती मात्र गळतच आली.

माझं सासर तंजावरी मराठी. भाषा आपलीच, पण तमिळ कधी मध्ये घुसेल याचा नेम नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी सासूबाई बोलल्या की मी अजून क्षणभर बावचळते.

जीप फाटकासमोर उभी असते. सकाळी सासूबाई कोलम घालायला, म्हणजे आपली रांगोळी हो, बादली घेऊन निघाल्या की मी जीप मागे घ्यायची. खाली तेलाचे काळे थेंब! मी डिझेलचा बोळा घेऊन घासायला बसले की लगेच त्या म्हणायच्या, "वित्तुडु गे." विकून टाक! रोज! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बोळा फेकून मी तणतणत आत. त्यांचा कोलम बघायला थांबतंय कोण!

बरं, तेल येतं कुठून? पहिला मेकॅनिक म्हणाला, इंजिनाखालच्या तेलटाकीचं पॅकिंग. बदललं, तर थेंब जागा बदलून पडू लागले. दुसरा म्हणाला, मागचं ऑइल सील. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवला. गळती आहे तिथेच! मग चेन्नईजवळच्या आवडी गावचा एक म्हातारा मेकॅनिक टॉर्च घेऊन अर्धा तास इंजिनाखाली पडून राहिला. बाहेर येऊन म्हणाला, तेल टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून येतं, ओघळत मागे जातं आणि तिथून खाली पडतं. घ्या! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तेही पॅकिंग बदललं. तीन दिवस कोरडे गेले. चौथ्या दिवशी पुन्हा थेंब. इंजिनापुढे उभी राहून मी नुसती बघत राहायची. काही म्हणजे काही कळेना.

त्या चौथ्या दिवशीही कानावर आलं, "वित्तुडु." आता हद्द झाली! मी सरळ फोन फिरवला. चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातला एक जण अशीच फोर-व्हील ड्राइव्ह जीप शोधत होता. म्हटलं, रविवारी सकाळी या आणि घेऊन जा. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. वडिलांचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

रविवारी तो आला. मी किल्ली पुढे केली, तोच सासूबाई कोलमवरून उठल्या. हात कोलमच्या तांदूळपिठाने पांढरे.

"किल्ली कशास देतीस गे?"

"विकतेय."

"कशास?"

"कशास काय? तुम्हीच ना रोज कानीकपाळी ओरडता, वित्तुडु, वित्तुडु!"

 त्यांनी कपाळावर हात मारला, तो पिठासकट.

"त नव्हे गे, ट! विट्टुडु म्हणते मी. म्हणजे असू दे, पुसू नको."

"थेंब? का पुसू नको?"

त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. कोलमात आधी ठिपके मांडतात, मग त्यांच्याभोवती रेघ फिरवतात. रेघ नेहमीसारखी पांढरी, वळणावळणाने फिरली होती. पण मधले पाच-सहा ठिपके काळे होते.

"गुडघे दुखतात माझे," सासूबाई म्हणाल्या. "तेवढे ठिपके तुझी जीप मांडून देते."

 त्या माणसाने तमिळमध्ये विचारलं, मग जीप विकणार ना?

मी किल्ली मुठीत आवळली आणि जीभ टाळूला नीट लावून म्हणाले, "विट्टुडुंग."